दरबारातील फिर्याद

ख्रिस्तपुराणाचा उगम एका तक्रारीत आहे. गोव्याच्या साष्टी प्रांतात या पुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स नवख्रिस्ती मंडळींना धर्मशिक्षण देत असता त्यांच्यातील एका ब्राह्मणाने विचारले, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत आणि त्यांच्या बदली पाठ म्हणावयाच्या प्रार्थना नि धर्माज्ञा तेवढ्या दिल्यात, तर आता आम्ही मन कशात रमवावे. आणि ही हकीकत खुद्द स्टीफन्स यांनीच ग्रंथारंभी गुंफून ठेवली आहे. १६१६ साली रायतूर येथे छापून निघालेल्या या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाची भाषा, त्याचा छंद, त्याचे रोमन लिपीतील मुद्रण यांचा ऊहापोह आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी पोटभर केला. परंतु ज्याच्या प्रश्नामुळे तो लिहिला गेला त्या मनुष्याकडे वळून पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. तो मनुष्य मंडळी सोडून गेला नाही, आणि गप्पही बसला नाही. ज्याच्या पदरी आपण येऊन पडलो त्याच्याच दारात उभे राहून त्याने आपला अपेक्षाभंग बोलून दाखविला, आणि ऐकणाऱ्याने त्याला अविश्वासू ठरवून बाहेर न घालविता मराठीतील एक महाग्रंथ त्याच्या हाती ठेवला.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा हा पहिला धागा मी गेली चाळीस वर्षे हाती धरून बसलो आहे. आमचे वाङ्मय म्हणजे केवळ प्रचार आणि उपकारस्तुती, त्यात मनुष्याच्या खऱ्याखुऱ्या दुःखाला थारा नाही, असा एक निवाडा बाहेरच्या विद्वानांनी केव्हाच देऊन टाकला आहे; आणि आत, आमच्याच व्यासपीठांवरून, देवापाशी तक्रार करणे म्हणजे श्रद्धेची उणीव, असे सांगणाऱ्यांची संख्या वाढते आहे. या दोन्ही पक्षांनी परस्परांचे तोंड कधी पाहिले नसेल, तरी दोघांचे अज्ञान एकच आहे. बायबलातील दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते आणि सांत्वनाची एक ओळही त्याला कोणी मागाहून जोडलेली नाही. आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा बाविसाव्याचा आरंभ प्रभूने क्रुसावर आपल्या मुखाने उच्चारला. ज्या धर्माच्या मध्यभागी अशी हाक आहे त्याच्या अनुयायांना निराश होण्याची मुभा नाही असे म्हणणाऱ्याने आधी शुभवर्तमान पुन्हा एकवार उघडून पाहावे.

गोव्यातील पुढचा काळ मी भरभर ओलांडतो. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेच्या उच्चाटनाचा हुकूम काढला आणि स्टीफन्स यांनी लावलेले रोप वाढीला लागण्यापूर्वीच सुकले. मुंबईत १८१३ साली उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांची कथा मात्र क्षणभर थांबण्याजोगी आहे. गॉर्डन हॉल तेरा वर्षे या भूमीत राबला. त्याचा सहकारी सॅम्युएल न्यूएल १८२१ साली पटकीने गेला. आणि १८२६ साली नाशिककडून परतताना वाटेतच हॉललाही त्याच रोगाने गाठले. त्या तेरा वर्षांत पदरात पडलेले बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतकेदेखील नव्हते. पुढच्या पिढ्यांनी या माणसांना वीरपुरुष करून भिंतीवर टांगले. परंतु पेरणी करून एक कणीसही न पाहता ते गेले, या वस्तुस्थितीवर कोणी प्रवचन केल्याचे मी ऐकलेले नाही. त्यानंतरचे खंडनमंडनाचे अर्धशतक, त्यातील प्रश्नोत्तरे, निबंध आणि प्रतिनिबंध यांविषयी मला उत्साह नाही. वादात जिंकलेला मनुष्य आपली निराशा लिहून ठेवीत नाही; बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मवृत्त त्यातला सन्मान्य अपवाद.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांना मात्र मी या घाईत मागे टाकणार नाही. विशीच्या उंबरठ्यावर ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ग्रंथ रचणारा हा काशीवासी चित्पावन १८४८ साली ख्रिस्ती झाला. त्यांची पत्नी थोड्याच वर्षांत वारली, तान्ही मुलगी परक्यांच्या घरी वाढली, आणि ज्या बुद्धीने त्यांना ख्रिस्तापाशी आणले त्याच बुद्धीने त्यांना तेथे कधी निवांत बसू दिले नाही. धर्मशंका त्यांना आयुष्यभर छळीत राहिल्या. एका चर्चासत्रात एका अभ्यासकांनी या शंकांना ‘अपुरे धर्मांतर’ असे नाव दिले, तेव्हा मी उभा राहून हरकत घेतली होती, आणि ती हरकत आजही मागे घेतलेली नाही. सत्तेचाळीस वर्षे शंका सोसून १८९५ साली, मृत्युसमयीही त्याच दारात उभा असलेला मनुष्य अपुरा, तर पुरा कोणाला म्हणावे?

पंडिता रमाबाईंच्या मनाला ख्रिस्ताकडे वळविणाऱ्यांत या गोऱ्ह्यांचा वाटा होता, आणि मला यात एक गूढ संगती दिसते. कारण अपेक्षाभंगाचे शिक्षण रमाबाईंना गोऱ्ह्यांपेक्षाही लवकर मिळाले होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी दुष्काळात असेल नसेल ते दानधर्मात घातले, क्षेत्रे पायी तुडविली, उपासतापास केले, आणि तरीही ते, त्यांची पत्नी आणि थोरली मुलगी अन्नावाचून गेली. पुढे भाऊ गेला, पती गेला. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तरी या बाईने मिळाले ते मुकाट्याने स्वीकारावे अशी तिच्या हितचिंतकांची अपेक्षा होती. तर तिने तेथील मठातल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी एकेका सिद्धान्तावरून पत्रापत्री मांडली. १९७७ साली ही पत्रे ग्रंथरूपाने बाहेर आली तेव्हा मी ती एका बैठकीत वाचून काढली आणि रात्रभर मला झोप आली नाही. एक परदेशस्थ, आश्रित, विधवा स्त्री आपल्या आश्रयदात्यांना सांगते आहे की माझा विवेक मी कोणाला गहाण टाकलेला नाही! आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी तीच बाई कबूल करते की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त अद्याप सापडला नव्हता. इतकी निर्भय कबुली देणारे आत्मवृत्त आमच्याकडे दुसरे नाही.

१८९३ साली रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवरून पुण्यात वादळ उठले, सल्लागार मंडळातील मान्यवरांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. त्यांनी पुढे केडगावला अनाथ मुली-बायकांसाठी उभारलेल्या मुक्ती सदनाचा इतिहास सर्वश्रुत आहे, तो मी सांगत बसत नाही. मला सांगावयाचे आहे ते शेवटच्या वर्षाविषयी. जिच्या हाती सर्व कारभार सोपवून निश्चिंत व्हावे ती त्यांची मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. आई त्या वेळी हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात गढलेली होती. तिने ते काम टाकले नाही, आणि वर्ष उलटण्यापूर्वी, ५ एप्रिल १९२२ रोजी, तीही गेली. तिच्या हातचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या महिन्यांत ईयोबाची आणि विलापगीताची पाने तिच्या हाताखालून पुन्हा गेली असतील काय, हा प्रश्न मला वारंवार पडत आला आहे.

आता टिळक. वाचकांनी मला क्षमा करावी, कारण नारायण वामन टिळकांविषयी मला थोडक्यात लिहिता येत नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच घटकेला त्यांच्या घराचे दोन तुकडे झाले. हे तुकडे सांधण्यास साडेचार-पाच वर्षे लागली. त्या विरहाची त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त सांगितलेली हकीकत मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. परंतु टिळकांचा मोठा अपेक्षाभंग घरातला नव्हता, मिशनच्या आवारातला होता. महाराष्ट्रापुढे ख्रिस्त उभा राहावा तो महाराष्ट्राच्या वेषात, टाळमृदंगाच्या नादात, अभंगाच्या मुखाने, अशी उमेद धरून ते आले होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणी पोहोचलो, हे त्यांचे सांगणे प्रसिद्धच आहे. त्यांना आढळले ते वेतनाचे दप्तर, परदेशी मुखत्यारी, आणि साहेबाच्या मर्जीवर पोसलेली मंडळी. बावीस वर्षे त्यांनी वाट पाहिली, ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रातून लिहिले, कीर्तने केली, ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाला शेकडो पदे दिली, आणि १९१७ साली मिशनच्या चाकरीचा राजीनामा देऊन, वेतनावर पाणी सोडून ते साताऱ्यास गेले आणि त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या नि न झालेल्या अशा दोघांनाही आत घेणारा ‘देवाचा दरबार’ उघडला.

या राजीनाम्याला रुसवा म्हणणारे लोक मला भेटले आहेत. एकाने तर तो कवीचा लहरीपणा होय असे छापून काढले. टिळकांची ‘अभंगांजली’ मन लावून वाचणाऱ्याला असे म्हणवणार नाही. रुसलेला मनुष्य पाठ फिरवतो. टिळकांनी चाकरी सोडली, धनी सोडला नाही, उलट धन्याच्या अधिक निकट जाऊन त्याच्यापुढे कैफियत मांडली. ‘दरबार’ हा शब्द त्यांनी सहज योजला असे मला कधीच वाटले नाही. दरबारात राजाची स्तुती होते, तशीच दादही मागितली जाते. जेथे फिर्याद ऐकली जात नाही ते देऊळ असेल, दिवाणखाना असेल, दरबार नव्हे. हे त्यांना मिशनने शिकविलेले नव्हते. विठोबाला धारेवर धरणाऱ्या नामदेवाने, त्याच्यावर संतापणाऱ्या जनाबाईने, दुष्काळात बायको गमावूनही त्याच्याशी भांडत राहिलेल्या तुकोबाने ही भाषा महाराष्ट्राच्या रक्तात आधीच मुरविलेली होती. टिळकांनी ती ख्रिस्तचरणी आणून ठेवली, आणि माझ्या मते मराठीने जगाच्या ख्रिस्ती भक्तीला दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी आहे. पाश्चात्य मंडळ्यांच्या गायनात विलाप दबून गेला होता त्या काळात अहमदनगरच्या कौलारू प्रार्थनामंदिरांत करुणेचे अभंग म्हटले जात होते.

दरबारही फळला नाही, हे सांगितलेच पाहिजे. १९१८ च्या मे महिन्यात ज्याला त्यांनी घरच्या मुलासारखे वागविले तो बालकवी रेल्वेखाली सापडून गेला. आणि वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. दरबार त्यांच्यामागे विखुरला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहा-अकरा अध्यायांवर अडले होते. ज्या नवऱ्याच्या धर्मांतराने आपला संसार मोडला त्याचे अपुरे काव्य, जिला लग्नानंतर अक्षरओळख झाली त्या बायकोने हाती घ्यावे आणि साठांवर अध्याय रचून जवळजवळ शेवटास न्यावे, यापेक्षा अपेक्षाभंगाला दिलेले मोठे उत्तर मला ठाऊक नाही. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा हात मुलाने, देवदत्तांनी, फिरविला आणि १९३८ साली ग्रंथ बाहेर आला. दुःखाच्या ऐन प्रसंगी त्या बाईंना हसू येते म्हणून ‘स्मृतिचित्रे’ हे हलकेफुलके पुस्तक आहे असे समजणाऱ्या समीक्षकांनी ते पुन्हा वाचावे. त्या हसण्याच्या तळाशी न मिटलेला हिशेब आहे.

त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांची गणती मी करीत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले, वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकातून त्यांनी लिहित्या माणसांची एक पिढी उभी केली, आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा मला वाटले की स्टीफन्सच्या त्या अनामिक प्रश्नकर्त्याला चार शतकांनी आपला मुलूख परत मिळाला. हा आनंद खरा होता. पण आमच्या मंडळ्यांतून आज जे ऐकू येते ते ऐकून माझे मन विषण्ण होते. ‘उपासना संगीत’ कपाटात गेले; पडद्यावर झळकणाऱ्या भाषांतरित गाण्यांत विजयाखेरीज विषय नाही. साक्ष द्यावयास उभा राहतो तो ज्याला नोकरी लागली, ज्याची गाठ विरघळली, ज्याचा परदेशाचा परवाना आला तोच. ज्याची विनंती मान्य झाली नाही तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो आणि काही महिन्यांनी येईनासा होतो. कोणी त्याला जाऊन विचारीत नाही. करुणेचा अभंग जेव्हा गाण्यात होता तेव्हा त्या माणसाला निदान उपासनेत तोंड उघडावयास जागा होती.

मी नऊ वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ विषमज्वराने गेला. मंडळीने तीन रात्री जागून प्रार्थना केली होती, आणि दफनाच्या दुसऱ्या दिवशी एका उपदेशकाने ओट्यावर बसून वडिलांना सांगितले की या घरात कोठेतरी विश्वास कमी पडला. वडील शिक्षक होते. त्यांनी खाली पाहिले. आई आत गेली, आणि त्यानंतर वर्षभर तिने मंदिराची पायरी चढली नाही. दर गुरुवारी दुपारी एक बायबल बाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल वाचून दाखविणाऱ्या सेविका, आमच्याकडे येत. संवत छप्पनच्या दुष्काळात लहानपणी रमाबाईंच्या केडगावास आलेली ती अनाथ मुलगी आता वृद्ध झाली होती. त्या आईला काही समजावून सांगत नसत. तांदूळ निवडू लागत, आणि निवडता निवडता टिळकांचा एखादा अभंग म्हणत, तोही आनंदाचा नव्हे. कित्येक महिन्यांनी एका गुरुवारी आईने सुपातून हात न काढता मोठ्या आवाजात विचारले, “त्याला माझेच लेकरू दिसले का हो?” बाई म्हणाल्या, “हे मला नको विचारू, बये, त्यालाच विचार. मीही अजून विचारतेच आहे.”

पुढच्या हंगामाच्या सणाला आई आमच्याबरोबर उपासनेला आली. उपकारस्तुतीच्या गीताला सारी मंडळी उभी राहिली, मीही उभा राहिलो. आई बसून राहिली. तिचे डोळे कोरडे होते, गीताचे पुस्तक मांडीवर उघडे होते, आणि ओठ हलत नव्हते. बायबल बाई दोन ओळी पुढे होत्या. त्यांनी एकदा मागे वळून पाहिले, आणि त्याही खाली बसल्या.