प्रेस हलत नाही

पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जच्या कारखान्यात ट्रकचे क्रँकशाफ्ट घडतात. पोलादाचा बिलेट सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो. लालभडक तुकडा डायमध्ये बसला की हजारो टन ताकदीची प्रेस त्यावर उतरते आणि कडेने बाहेर आलेला जादा धातू, म्हणजे फ्लॅश, छाटला जातो. मशीनिंग झालं की तो क्रँकशाफ्ट जहाजाने सातासमुद्रापार जाऊ शकतो. प्रेस मात्र आपल्या काँक्रीटच्या पायावर वर्षानुवर्षं ठाण मांडून असते.

वार्षिक अहवालातल्या एका छोट्या तक्त्याचं मर्म इथे आहे. ‘इंड एएस १०८’ या लेखामानकानुसार कंपनीला आपला महसूल आणि दीर्घकालीन मालमत्ता मायदेशात किती, परदेशात किती, हे वेगळं दाखवावं लागतं. वित्तीय गुंतवणूक आणि डिफर्ड टॅक्स या हिशेबात धरत नाहीत. महसुलाचे आकडे सहसा गिऱ्हाईक कुठे आहे ते सांगतात. मालमत्तेचे आकडे कंपनीने कुठे पाय रोवले आहेत ते.

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जने परदेशात पाय रोवले ते मुख्यतः चालू कारखाने विकत घेऊन. २००४ मध्ये जर्मनीतल्या एनेपेटालची सीडीपी ही फोर्जिंग कंपनी, पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या कार्ल्सकूगाची फोर्ज, २०१६ मध्ये अमेरिकेत टेनेसीतला कारखाना. विकत घेतलेल्या कारखान्याबरोबर यंत्रं येतात, मुरलेले कामगार येतात आणि शेजारच्या वाहन कंपन्यांशी जमलेलं नातंही येतं. नॉर्थ कॅरोलिनात सॅनफर्डला मात्र ॲल्युमिनियम फोर्जिंगचा कारखाना नव्याने उभारला. सगळीकडेच बस्तान बसलं असं नाही. चीनमध्ये चांगचुनला ‘एफएडब्ल्यू’ या वाहन कंपनीबरोबर केलेली भागीदारी काही वर्षांनी सोडावी लागली.

हा तक्ता वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं ठिकाण घसाऱ्याचं. जुन्या प्रेसची पुस्तकी किंमत घसरत घसरत नाममात्र उरते, पण ती तीन पाळ्यांत माल काढत असते. नव्या कारखान्याचं उत्पादन जेमतेम सुरू झालेलं असलं, तरी त्याचा आकडा भरभक्कम दिसतो. दुसरं ठिकाण विनिमय दराचं. परदेशी उपकंपनीची मालमत्ता वर्षअखेरच्या दराने रुपयांत मांडतात. रुपया घसरला की एक वीटही न रचता ‘भारताबाहेर’चा रकाना फुगतो.

म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर मत बनवू नये. पाच-सात वर्षांचे तक्ते ओळीने लावावेत आणि शेजारी भांडवली खर्च, घसारा व विनिमय फरकाच्या टिपा ठेवाव्यात. जगभर पसरल्याची भाषा अध्यक्षांच्या निवेदनात कोणीही करू शकतं. पैसा खरोखर कोणत्या मातीत पुरला, ते या टिपांमधूनच कळतं.