बर्फात जाताय? जीन्स घरीच बरी!

सेमिस्टर संपली, ग्रुपवर उत्तराखंडच्या केदारकंठाचा प्लॅनही ठरला. आता जाडजूड स्वेटर आणि दोन जीन्स सॅकमध्ये कोंबणार असाल, तर जरा थांबा. सह्याद्रीतली थंडी वेगळी आणि साडेबारा हजार फुटांवरचा बर्फ वेगळा!

तिथे खरा त्रास देतो तो ओलावा. चढताना घाम येतोच. सुती टी-शर्ट तो शोषतो, लवकर वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. जीन्सचंही तेच. म्हणून एका जाड कपड्याऐवजी तीन थर न्या: आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. चालताना उकडलं की एक थर काढा, थांबलात की लगेच चढवा.

झोपताना घालायचे थर्मल आणि लोकरी मोजे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा. कितीही मोह झाला तरी दिवसा ते वापरायचे नाहीत. कानटोपी, वॉटरप्रूफ हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन हवंच. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना बाधतं. पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी झरझर उतरते.

बजेट कमी आहे? जॅकेट उसनं किंवा भाड्याने चालेल. बूट मात्र स्वतःचे, आधी पंधरा दिवस कॉलेजला घालून फिरलेले.

आणि एवढं करूनही कुणाची हुडहुडी थांबेना, बोलताना जीभ अडखळू लागली, तर फोटो राहू द्या. लीडरला हाक मारा आणि आधी त्याचे ओले कपडे बदला.