शिफारस कराल का? एका आकड्याचा हिशेब (लेखांक ९)

गाडी सर्व्हिसिंगहून परत आली, विम्याचा दावा मंजूर झाला, फ्रिज बसवणारा माणूस घराबाहेर पडला, की थोड्याच वेळात मोबाइलवर प्रश्न येतो: आमची शिफारस तुम्ही मित्राला किंवा नातेवाइकाला करण्याची शक्यता किती? ० ते १० मधला एक आकडा निवडा. मार्केटिंग रिसर्चचे विद्यार्थी प्रकल्पासाठी जी प्रश्नावली तयार करतात, तिच्यातही हा प्रश्न हल्ली हमखास असतो, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर त्याचं उत्तर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: एनपीएस २०. मागच्या दोन लेखांकांत आपण क्रॉस-टॅब आणि काय-स्क्वेअर चाचणी शिकलो. आज तीच अवजारं घेऊन हा आकडा उघडून पाहू. आज हा आकडा वाचून शाखांची तुलना होते, माणसांचे बोनस ठरतात. म्हणून त्यात किती दम आहे हे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं मोजता यायला हवं.

नेट प्रमोटर स्कोअर हे त्याचं पूर्ण नाव. बेन अँड कंपनीचे सल्लागार फ्रेड राइकहेल्ड यांनी डिसेंबर २००३च्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये तो मांडला. कंपनीच्या वाढीसाठी लक्षात ठेवावा असा एकच आकडा कोणता, या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांनी तो पुढे केला होता. कल्पना सुचली ती एंटरप्राइज या अमेरिकी कंपनीवरून. ही कंपनी गाड्या भाड्यानं देते. लांबलचक प्रश्नावल्या टाकून देऊन ती ग्राहकांना मोजून दोनच प्रश्न विचारत असे आणि सर्वांत वरची पसंती देणाऱ्यांचीच संख्या धरत असे. त्यामुळे निकाल लवकर हाती येई आणि शाखाप्रमुखांनाही तो सहज समजे. सोपेपणाचं हे आकर्षण मला पूर्ण पटतं. चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरताना विसाव्या प्रश्नापासून ग्राहक डोळे झाकून खुणा करू लागतो, हे सर्वेक्षणाचं काम केलेल्या कोणालाही ठाऊक असतं.

रीत अशी: ९ किंवा १० देणारे 'शिफारसकर्ते', ७ किंवा ८ देणारे 'तटस्थ', आणि ० ते ६ देणारे 'नाराज'. शिफारसकर्त्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की एनपीएस मिळतो. तो उणे १०० ते अधिक १०० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एक गोष्ट इथेच टिपून ठेवा. पट्टीवर एकूण अकरा आकडे आहेत. त्यांतले सात नाराजांच्या वाट्याला आले आणि शिफारसकर्त्यांना मिळाले दोनच. लोकांनी काहीही विचार न करता आकडे निवडले आणि प्रत्येक आकडा सारख्याच वेळा आला, तर एनपीएस सुमारे उणे ४५ निघेल. शून्य हा या पट्टीचा मध्य नाही.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका दुकानाच्या दोन शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेतल्या १०० ग्राहकांनी उत्तरं दिली. (हे आकडे मी सरावासाठी घेतले आहेत.) पहिल्या शाखेत ४५ शिफारसकर्ते, ३० तटस्थ आणि २५ नाराज, एनपीएस २०. दुसऱ्या शाखेत ३० शिफारसकर्ते, ६० तटस्थ आणि १० नाराज. एनपीएस पुन्हा २०. अहवालात दोन्ही शाखा एकाच ओळीत बसतील. पण मागच्या लेखांकातली काय-स्क्वेअर चाचणी लावा. दोन्ही शाखा सारख्याच असत्या तर प्रत्येकीत ३७.५ शिफारसकर्ते, ४५ तटस्थ आणि १७.५ नाराज अपेक्षित होते. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतल्या फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित संख्येनं भागा, आणि सहाही चौकटींची बेरीज करा: शिफारसकर्त्यांकडून ३, तटस्थांकडून १० आणि नाराजांकडून ६.४३, असे एकूण १९.४३. दोन डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी पाच टक्के पातळीची सीमा ५.९९ आहे. निकाल सीमेच्या तिपटीहून पुढे गेला. म्हणजे जिथे एनपीएसला तिळमात्र फरक दिसत नाही, तिथे चाचणी ठामपणे सांगते की हे ग्राहक दोन निराळ्या तऱ्हांचे आहेत. पहिल्या शाखेत भांडण आहे, काहींना दुकान फार आवडतं आणि काहींना मुळीच नाही. दुसऱ्या शाखेतला ग्राहक शांत आहे, तक्रार करत नाही आणि कौतुकही करत नाही. पहिल्या शाखेच्या व्यवस्थापकाला तक्रारी निवारायच्या आहेत, दुसऱ्याला ग्राहकाच्या मनात काही आपुलकी निर्माण करायची आहे. दोघांना एकच सूचना दिली तर निदान एकाचं नुकसान ठरलेलं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की एनपीएस कधीही एकटा छापू नका. त्याच्या शेजारी तिन्ही टक्केवाऱ्या द्या. जागा फारशी लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि विद्यार्थ्यांच्या अहवालांत ती मला जवळजवळ कधीच दिसत नाही. ती म्हणजे या आकड्याची चुकीची मर्यादा, ज्याला आपण 'मार्जिन ऑफ एरर' म्हणतो. वजाबाकीतून आलेल्या आकड्याची मर्यादा कशी काढायची, म्हणून पोरं ती सोडून देतात. युक्ती साधी आहे. एक्सेलमध्ये एक नवा रकाना घ्या. शिफारसकर्त्याला १, तटस्थाला ०, नाराजाला उणे १ लिहा. या रकान्याची सरासरी काढा आणि शंभरानं गुणा. तोच तुमचा एनपीएस. म्हणजे ही तीन किंमतींच्या चलाची साधी सरासरी आहे, आणि सरासरीचं सारं शास्त्र तिला लागू पडतं.

प्रचरण तर हातानंही निघतं. १ आणि उणे १ या दोन्हींचा वर्ग १, त्यामुळे वर्गांची सरासरी म्हणजे शिफारसकर्ते आणि नाराज यांच्या प्रमाणांची बेरीज. तिच्यातून एनपीएसचा वर्ग वजा केला की झालं. पहिल्या शाखेसाठी ०.४५ अधिक ०.२५ म्हणजे ०.७०, त्यातून ०.२ चा वर्ग ०.०४ गेला, उरले ०.६६. याचं वर्गमूळ ०.८१. त्याला १०० च्या वर्गमुळानं, म्हणजे १० नं भागलं की प्रमाण त्रुटी ०.०८१. ती १.९६ नं गुणली की ९५ टक्के विश्वासाची मर्यादा मिळते, जवळजवळ १६ गुण दोन्ही बाजूंना. 'एनपीएस २०' याचा प्रामाणिक उच्चार 'एनपीएस ४ ते ३६ यांच्या दरम्यान कुठेतरी' असा आहे.

साध्या होय-नाही प्रश्नात शंभर लोकांवर ही मर्यादा जास्तीत जास्त १० गुणांच्या आत राहते. एनपीएस दोन टोकांची वजाबाकी करतो आणि दोन्ही टोकांची डळमळ अंगावर घेतो, म्हणून त्याची मर्यादा रुंदावते. दुसऱ्या शाखेत टोकं बारीक आहेत, त्यामुळे तिची मर्यादा १२ च्या आत येते. एनपीएस तोच, नमुना तेवढाच, तरी भरवसा वेगळा. पहिल्या शाखेचा आकडा ५ गुणांच्या अंतरात बसवायचा असेल तर सुमारे १,०१५ उत्तरं लागतील. एवढी उत्तरं जमवणं प्रकल्पाच्या मुदतीत बहुतेकांना शक्य नसतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. मर्यादा लपवणं मात्र चूक आहे.

आता पुढची तिमाही घ्या. पहिल्या शाखेत आणखी १०० ग्राहकांना विचारलं. ४८ शिफारसकर्ते, २० नाराज, एनपीएस २८. आठ गुणांची वाढ! सादरीकरणात हिरवा बाण वर जातो, टाळ्या पडतात. दोन्ही वेळच्या प्रमाण त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ते ०.११२ येतं, आणि फरकाची मर्यादा २२ गुण. आठ गुणांचा फरक त्या मर्यादेत अगदी आरामात सामावतो. ग्राहकांच्या मतात कणभरही बदल झालेला नसताना, निव्वळ कोणत्या शंभर जणांनी उत्तर दिलं या योगायोगानं, एवढा किंवा याहून मोठा चढ-उतार जवळजवळ निम्म्या वेळा दिसेल. चढला तेव्हा कोणाला तरी शाबासकी मिळाली, आणि उतरेल तेव्हा कोणाचा तरी बोनस कापला जाईल. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा गाडीची किल्ली हातात देताना "साहेब, मेसेज आला की दहा द्या हं, नऊ नको" असं का विनवतो, हे यावरून समजेल. त्याच्या पगाराची वाढ अशा आकड्यावर टांगलेली आहे ज्याची मर्यादा कोणी मोजलेली नाही. आणि त्याच्या विनवणीनंतर आलेला दहा हा ग्राहकाच्या मताचा पुरावा म्हणून कुचकामी झालेला असतो. खुद्द राइकहेल्ड यांनीही २०२१मध्ये अशा दबावाखाली मिळवलेल्या आकड्यांबद्दल नाराजी नोंदवली आणि हिशेबाच्या वह्यांमधून तपासता येईल असं 'अर्न्ड ग्रोथ' नावाचं जोड-माप सुचवलं.

पट्टीची तीन तुकड्यांत काटछाट केल्यानं माहितीही सांडते. पहिल्या शाखेतले २५ नाराज ग्राहक सगळे १ देत होते आणि व्यवस्थापकानं वर्षभर राबून त्यांना ६ पर्यंत आणलं, असं समजा. शंभर जणांची साधी सरासरी सव्वा गुणानं वाढेल, जी या पट्टीवर प्रचंड सुधारणा आहे. एनपीएस जागचा हलणार नाही. उलट दहा तटस्थांनी ८ ऐवजी ९ दिले तर सरासरी जेमतेम ०.१ नं वाढेल, एनपीएस मात्र थेट १० गुणांनी उडी मारेल. म्हणून मूळ अकरा आकड्यांची उत्तरं कधी फेकून देऊ नका. दोन गटांची तुलना करायची तर त्या मूळ उत्तरांवर क्रमांकांच्या आधारे चालणारी मान-व्हिटनी चाचणी लावता येते. १९४७ पासून ती उपलब्ध आहे आणि सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मिळते.

तुकडे कुठे पाडले याचाही विचार करा. ज्या महाराष्ट्रात दहावीला ६० टक्क्यांना पहिला वर्ग आणि ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य मिळत आलं, तिथला साठीचा ग्राहक मनापासून खूश होऊन ७ देऊ शकतो. त्याच्या हिशेबी हे चांगले गुण आहेत. एनपीएसच्या खात्यात तो तटस्थ. ६ दिले असते तर थेट नाराज, म्हणजे शून्य देणाऱ्याच्या रांगेत. वेगवेगळ्या देशांतले लोक एकच पट्टी वेगवेगळ्या सवयीनं वापरतात, हे सर्वेक्षणशास्त्रात जुनं निरीक्षण आहे, आणि जपानी ग्राहक टोकाचे आकडे टाळून मधले पसंत करतात, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्यामुळे पुण्यातल्या दुकानाचा एनपीएस अमेरिकेतल्या साखळीच्या एनपीएसशेजारी ठेवून लाजण्याचं किंवा फुगण्याचं कारण नाही. आपल्याच शाखेच्या मागच्या वर्षाशी तुलना करा, तीही मर्यादेसकट.

मग कंपनीची वाढ हा आकडा सांगतो का? २००७ मध्ये टिमोथी कायनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये हा दावा तपासला. नॉर्वेतल्या ग्राहक-समाधानाच्या नोंदी आणि कंपन्यांचं उत्पन्न त्यांनी ताडून पाहिलं. इतर मापांहून एनपीएस सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. यावरून एनपीएस निरुपयोगी ठरत नाही. तो अनेक मापांपैकी एक ठरतो.

आणि वरची सगळी गणितं एका गृहीतकावर उभी आहेत: उत्तर देणारे शंभर जण चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे आलेले आहेत. प्रत्यक्षात हजार जणांना मेसेज गेला आणि शंभरांनी उत्तर दिलं, तर ते नऊशे गप्प का राहिले हे १६ गुणांची मर्यादा सांगत नाही. नमुना वाढवूनही हा दोष जात नाही. १९७७ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ओव्हर्टन यांनी यावर एक वापरण्याजोगी तपासणी मांडली. उशिरा, आठवणीचा मेसेज गेल्यावर उत्तर देणारे लोक अजिबात उत्तर न देणाऱ्यांशी अधिक मिळतेजुळते असतात असं धरायचं, आणि त्यांची तुलना लवकर उत्तर देणाऱ्यांशी करायची. दोघांच्या उत्तरांत ठळक फरक निघाला तर गप्प राहिलेल्यांचं मत त्याहून लांब असण्याची शक्यता धरून चाला. यासाठी तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक उत्तराची तारीख हवी. बहुतेक प्रकल्पांत ती नोंदवलेलीच नसते. गूगल फॉर्म मात्र ती आपोआप नोंदवतो, तेव्हा तो रकाना पुसू नका.

शिफारसीच्या प्रश्नाखाली बहुधा आणखी एक ओळ असते: हा आकडा का दिलात ते लिहा. आपल्या उदाहरणातल्या २५ नाराजांपैकी पंधरा जणांनी जरी तिथे दोन वाक्यं लिहिली असतील, तरी व्यवस्थापकानं सोमवारी सकाळी काय करायचं ते त्या पंधरा उत्तरांतून कळेल. त्या उत्तरांना कोड कसे द्यायचे, दोन वेगवेगळ्या माणसांनी दिलेले कोड जुळतात की नाही हे कसं तपासायचं, आणि त्यासाठी जेकब कोहेन यांचा १९६० सालचा 'कापा' कसा काढायचा, ते पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये १, ० आणि उणे १ चा रकाना भरून ठेवा.