हरलो तर हरलो, जेवायला तर बसा!

मैत्रिणींनो, ऐन दिवाळीत अनारसा तुपात हसला की बाईचं तोंड कसं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. अगदी तसं तोंड करून तीन पुरुष माझ्या दिवाणखान्यात बसले होते. त्यातला एक नऊ वर्षांचा. आणि कारण काय, तर फुटबॉल!

आम्ही राहतो अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी. आमचे हे मूळचे सांगलीचे. २००८ साली इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात एम. एस. करायला आले आणि शिकता शिकता विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला जन्माचे वाहिले गेले. २०१२ साली लग्न होऊन मी आले. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. घर सांभाळते आणि रविवारी सकाळी इथल्या मराठी मुलांना बाराखडी शिकवते. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या लंगडीपुरता.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे बरं का. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात. तोही गोल नाही, सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडे निमुळता. तो काखोटीला मारून एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं. खेळणारी मुलं कॉलेजची, पण मैदान पाहाल तर छाती दडपेल. घोड्याच्या नालेसारखं बांधलेलं, १९२२ सालचं, आणि बसायला एक लाख दोन हजारांहून जास्त जागा! आपल्या तीन वानखेडेंचे प्रेक्षक एकट्यात बसवा.

या संघाचं हाडवैर शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाशी. दोघांचा पहिला सामना १८९७ चा. पण भांडण त्याहून जुनं. १८३५ साली टोलेडो गावाच्या पट्टीवरून दोन्हीकडची माणसं बंदुका घेऊन सरहद्दीवर उभी राहिली होती. गाव शेवटी ओहायोला मिळालं, त्यांना बदल्यात उत्तरेकडचा मोठा मुलूख मिळाला. म्हणजे बांधावरची भाऊबंदकीच की हो!

आता गंमत ऐका. त्या विद्यापीठाचं नाव इथे कोणी घेत नाही. ‘ते वरच्या अंगाचे’ एवढंच म्हणायचं. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात ना, तसंच. तुमच्यासाठी म्हणून एकदाच लिहिते, मिशिगन. यांनी वाचलं नाही म्हणजे मिळवली.

सामना दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी एम येतो, तिथे तिथे मुलं लाल चिकटपट्टीची फुली मारतात. आमच्या चिरंजीवांनी हे व्रत घरी आणलं. माझ्या मसाल्याच्या डब्यावर फुली, मायक्रोवेव्हवर फुली, आणि ‘मॉम’ या शब्दावरही फुली! तो आठवडाभर मला चक्क ‘आई’ म्हणाला.

तुम्हाला यात काय विशेष वाटणार? पण दुसऱ्यांच्या मुलांना ‘आ आईचा’ शिकवणाऱ्या बाईला तिच्याच मुलाने दारातून ‘मॉम’ म्हणून हाक मारायची, हे माझं जुनं दुखणं. रागावून झालं, खाऊचं आमिष दाखवून झालं. जे मला जमलं नाही, ते एका फुटबॉलच्या सामन्याने केलं.

तर तो दिवस, ३० नोव्हेंबर २०२४, शनिवार. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. सामना दुपारी बाराचा, आपल्याच मैदानावर. आमचा संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर, अकरांपैकी दहा सामने जिंकलेला. ते वरच्या अंगाचे अकरांत पाच हरून आलेले. त्यांच्याकडून आम्ही २०२१ पासून ओळीने तीनदा हरलो होतो, पण या वर्षी काळजीच नाही, असं हे सांगत होते. दोन घरची मंडळी जेवायला बोलावली होती. पावभाजी, बटाटेवडे, आणि बकआय.

बकआय हे ओहायोचं झाड. त्याचं फळ तपकिरी, वर फिकट डाग, हरणाच्या डोळ्यासारखं. त्यावरूनच संघाचं नाव पडलं आणि गोड पदार्थाचंही. करायला सोपा आहे. वाटीभर पीनट बटर, पाव वाटी मऊ लोणी, व्हॅनिलाचे दोन थेंब आणि गोळा वळेल इतकी पिठीसाखर (दीड-दोन वाट्या लागते) एकत्र मळायची. सुपारीएवढे गोळे करून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचे. मग दातकोरणीला टोचून वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे, पण वर टिकलीएवढा भाग उघडा ठेवायचा, तोच डोळा. मी त्यात मूठभर भाजक्या दाण्याचं जाडसर कूट घालते. इथल्या बायकांना ते फार आवडतं. आपला दाण्याचा लाडूच तो, कोट घातलेला!

सामन्याचं फार सांगत नाही. मध्यंतराला १०-१०. पुढे कोणाचंच काही हलेना. वडे निवाले. आणि शेवटची ४५ सेकंदं राहिली असताना त्यांनी लाथेने चेंडू खांबांमधून पार केला. १३-१०. हरलो. वर झेंडा रोवण्यावरून मैदानात हाणामारी झाली आणि पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. आमच्या दिवाणखान्यात फवारा न मारताच सगळ्यांचे डोळे लाल.

पाहुणे न जेवता उठायला लागले. हे भिंतीकडे तोंड करून पडले. मुलगा उशीत डोकं खुपसून हुंदके देत होता. आपला संघ त्यांना शेवटचा हरवला तो २०१९ साली, तेव्हा हा चार वर्षांचा. म्हणजे कळायला लागल्यापासून त्याने विजय पाहिलाच नव्हता. आणि मी परातभर भाजीपुढे उभी. मला आधी राग आला. ‘अहो, खेळच तर आहे!’ असं बोलून गेले.

मैत्रिणींनो, चूक झाली. हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढायचं नसतं. चकल्या विरघळल्या आणि नवरा म्हणाला, ‘खायच्याच तर आहेत,’ तर तुम्हाला कसं वाटेल? १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल हरल्यावर तुमच्या घरी कोणी असं बोललं असतं, तर ताट आपटलं असतं की नाही?

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. शेजारच्या आजी हातात झाकलेलं भांडं घेऊन उभ्या. इथे कुणाकडे माणूस गेलं की शेजारी असं शिजवलेलं अन्न आणून देतात. आपल्याकडे सुतकाच्या घरी पिठलंभात देतात तसं. आजी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “तुमच्याकडे कोणी गेल्याचं कळलं.” मी क्षणभर घाबरले, मग अशी हसले की भिंतीकडे तोंड केलेली व्यक्तीसुद्धा वळली.

आजी बसल्या आणि १९६९ ची गोष्ट सांगू लागल्या. तेव्हा त्या इथेच शिकत होत्या. आपला संघ पहिल्या क्रमांकावर होता आणि २४-१२ ने हरला. “मी तीन दिवस जेवले नाही,” आजी म्हणाल्या, “आणि पुढे त्यांच्याकडच्याच मुलाशी लग्न केलं. चाळीस वर्षं संसार केला, पण त्याच्या कॉलेजचं नाव घेतलं नाही!” नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या, नवऱ्याच्या कॉलेजचं न घेणारी पहिलीच. गेल्या वर्षी आजोबा वारले, तेव्हापासून या दिवशी चिडवायला कोणी नाही, असंही त्या सहज बोलून गेल्या. ह्यांनी उठून त्यांना पहिलं ताट वाढलं. वाढेपर्यंत पाहुणेही पुन्हा बसले होते. भाजी गरम केली, वडे परत तळले, आणि बकआयचा डबा बघता बघता रिकामा झाला.

चिरंजीव सगळ्यात शेवटी आले. डोळे पुसत त्यांनी पण जाहीर केला की, त्यांना हरवेपर्यंत घरात एम उच्चारणार नाही. मिल्क बंद, दूध. मंडे बंद, सोमवार. मॅथ बंद, गणित. मराठीतला ‘म’ चालतो, असा निकाल त्याचा त्यानेच दिला. दोन महिन्यांत बाकीचं सुटलं, पण ‘आई’ टिकलं.

पुढे २० जानेवारी २०२५ ला आमचा संघ नोत्र दामला ३४-२३ ने हरवून देशात पहिला आला. मोठ्ठा चषक, गावभर जल्लोष. पण बाजारात भेटेल तो माणूस एक सुस्कारा टाकून म्हणणार, “तरी पण ते वरच्या अंगाचे...” मुलगी पहिल्या नंबराने पास झाली तरी अक्षर कसं आहे ते विचारणाऱ्या आत्याबाई सगळ्या देशांत असतात म्हणायच्या!

मग आलं २९ नोव्हेंबर २०२५. सामना त्यांच्या गावी. मी स्वयंपाकघरात होते आणि खरं सांगू का, माझं मन दोन्हीकडे ओढत होतं. आपण जिंकावं असंही वाटत होतं आणि... तुम्ही समजला असाल. जिंकलो. २७-९. बाहेरून आरोळी आली, “मॉम! मॉम! मॉम!” वर्षभराचा साठा एकदम बाहेर पडला. मी हात पुसत पुसत गेले आणि नाचले, करते काय.

आता घरात दोन्ही चालतं. राग आला की मॉम, भूक लागली की आई.