भातातील करपा ओळखताना: डोळा काय पाहतो, मोबाईल काय पाहतो?

लोहगडवाडीपासून वडगावपर्यंत मावळात खरिपाचे मुख्य पीक भात, आणि त्यातही पसंती इंद्रायणीला. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. पावसाळी, ढगाळ हवेत पानांवर डाग दिसू लागले की आता अनेक शेतकरी फोटो काढून मोबाईल ॲपला विचारतात. उत्तर लगेच मिळते. मात्र ते चुकले तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि रोग पसरायला आठवडा मिळतो. म्हणून ॲप रोग कसा ओळखते आणि आपण कसा ओळखतो, हे समजून घ्या.

आपला डोळा

डोळा फक्त प्रकाश टिपतो. ओळखण्याचे काम मेंदू करतो. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांजरावरील प्रयोगांतून दाखवले, की मेंदूतील काही पेशी ठरावीक कोनातल्या रेषेलाच प्रतिसाद देतात. या कामासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आधी रेषा आणि कडा, मग आकार, मग पूर्ण वस्तू, अशी ही ओळख टप्प्याटप्प्याने होते. त्यात अनुभवाची भर पडते. डाग कोणत्या खाचरातून सुरू झाला, युरिया कधी टाकला, वादळी पाऊस कधी झाला, हेही तुम्ही नकळत जमेस धरता.

पण मेंदू अपेक्षेप्रमाणे पाहतो. गेल्या वर्षी करपा आला असेल, तर यंदाचा प्रत्येक डाग करपाच वाटतो. बांधावरूनच रोगाचे नाव सांगण्याची चूक मीही केली आहे.

मोबाईलमधील न्यूरल नेटवर्क

ॲपसाठी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो. नेटवर्कचे पहिले थर त्यात कडा आणि रंगबदल शोधतात, पुढचे थर त्यांतून डागाचा आकार जुळवतात. ही रचना मेंदूवरूनच सुचली. रोगाचे नाव लिहिलेले हजारो फोटो दाखवायचे आणि उत्तर चुकले की आतले आकडे थोडे बदलायचे, अशा रीतीने ते शिकते.

त्यामुळे जे फोटो दाखवले तेवढेच त्याचे जग. प्लांटव्हिलेज या संग्रहातील १४ पिकांच्या ५४,३०६ फोटोंवर शिकवलेल्या नेटवर्कने त्याच संग्रहातील न पाहिलेले फोटो ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखले. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर मात्र अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या १४ पिकांत भात नव्हता. त्यानंतर ॲप सुधारली आहेत, पण धडा तोच आहे: पावसाचे थेंब, धुके किंवा हललेला फोटो यांनी उत्तर बदलू शकते.

फसवणारी लक्षणे

- करपा (बुरशी): डाग मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, मध्यभाग राखाडी, कडा तपकिरी.
- कडा करपा (जिवाणू): शेंड्याकडून कडेने खाली येणारा, नागमोडी कडांचा पिवळसर पट्टा. सुरुवात बहुधा वादळी पावसानंतर, ठिकठिकाणी.
- पालाशची कमतरता: शेंडा व कडा पिवळ्या-तपकिरी होतात, पण सुरुवात जुन्या पानांपासून.
- तपकिरी ठिपके (बुरशी): तिळासारखे लंबगोल ठिपके, पानभर विखुरलेले, हलक्या, अन्नद्रव्ये कमी असलेल्या जमिनीत जास्त.

दुसरे आणि तिसरे लक्षण फोटोत जवळजवळ सारखे दिसते. बुरशीनाशक या दोन्हींवर चालत नाही.

फवारणीपूर्वी काय करावे?

१. पानावरील पाणी पुसून, फ्लॅश न लावता तीन फोटो काढावेत: एका पानाचा जवळून, पूर्ण चुडाचा आणि बांधावरून खाचराचा.

२. ॲपचे पहिलेच नाव न धरता पुढचे पर्यायही पाहावेत. टक्केवारी ही खात्री नव्हे. न शिकवलेला रोग असला तरी ॲप बहुधा शिकलेल्यांपैकीच एखादे नाव देते.

३. कडा करप्याची शंका असल्यास ताज्या डागाच्या कडेचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात धरावा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार निघाली तर तो जिवाणूजन्य रोग आहे. ही खूण कॅमेऱ्याला दिसत नाही.

४. कडा करपा ठरल्यास युरियाचा हप्ता थांबवावा, खाचरातील पाणी काढावे आणि ते निरोगी खाचरात जाऊ देऊ नये. पालाशसाठी माती परीक्षणानुसार खत द्यावे.

५. ॲप आणि तुमचे मत जुळत नसेल, तर तिन्ही फोटो व रोगट पान कृषी सहाय्यकांना किंवा वडगावच्या केंद्रात दाखवावे. औषध व मात्रा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच घ्यावी.

ॲपचे उत्तर हा तपासणीचा आरंभ समजा. निर्णय खाचरात उतरून, पान हातात घेऊनच करा.