दोन चौकटींमधला वेताळ

मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या वाचनालयातून दिवसाला एकच ‘इंद्रजाल कॉमिक्स’ घरी मिळायचं. टाइम्स ऑफ इंडियाने ही मालिका १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये ती थांबली. त्यातला ली फॉकचा नायक फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला, आणि मला तो कधी परका वाटलाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या बापाचा मुखवटा मुलगा चढवतो, म्हणून जग त्याला अमर समजतं. आपला वेताळ एकविसावा, ही गोष्ट मी धाकट्या भावाला माळ्यावर बसून शंभरदा सांगितली असेल.

एका चौकटीत वेताळाने मूठ उगारलेली, पुढच्या चौकटीत गुंड जमिनीवर. मधला ठोसा कागदावर नसायचाच. तो आम्ही मारायचो, आवाजासकट.

२०१९ मध्ये लेकीसोबत ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ पाहिला. तीन तासांत प्रत्येक ठोसा, प्रत्येक ठिणगी संगणकाने रंगवलेली. शेवटी ती हुंदके देऊन रडली, माझेही डोळे भरले. तरी मला दोन चौकटींमधला तो कोरा पांढरा पट्टाच जास्त प्यारा आहे. घरी आल्यावर तिच्या हातात जुना, शिवण उसवलेला अंक दिला. तिसऱ्या पानावर तिने विचारलं, “बाबा, इथे मध्ये काय झालं?”