बाळकुमच्या बोअरखाली नदी आहे का?

मंडळी, बाळकुम, ढोकाळी, कोलशेत या बाजूला सोसायटीत बोअर मारायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘इथे खाली नदी आहे, पाणी संपणारच नाही.’ या एका वाक्यावर सभासदांचे पैसे खर्च होतात. तेव्हा आज आधी बघू, की जमिनीखाली नदी वाहते तरी कुठे.

ती वाहते चुनखडकात. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. चुनखडक म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. तो या पाण्यात हळूहळू विरघळतो. फट रुंदावली की तिच्यात पाणी जास्त शिरतं, आणि पाणी जास्त शिरलं की ती आणखी रुंदावते. केसाएवढ्या भेगेचा हजारो वर्षांत बोगदा होतो. अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. बस्तरमधली कुटुमसरची गुहा आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल, ती अशीच घडलेली.

जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी इमेंडिंगन गावाजवळ पात्रातच गडप होतं. ते जातं कुठे? १८७७ साली त्यात रंगद्रव्य सोडून पाहिलं. सुमारे १२ किलोमीटरवरच्या आख या झऱ्याचं पाणी दोन-तीन दिवसांत हिरवं झालं! आणि गंमत बघा, त्या झऱ्याचं पाणी ऱ्हाईनला मिळतं. म्हणजे एका नदीचं पाणी जमिनीखालून दुसरीत. पुढे त्यावरून राज्याराज्यांत कोर्टकज्जा झाला. पण यातली काळजीची गोष्ट वेगळी आहे. रंग जितक्या वेगाने गेला, तितक्याच वेगाने सांडपाणीही जाईल. मोठ्या बोगद्यात पाणी गाळलं जात नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात चुनखडक आहे, पण तो यवतमाळच्या वणीकडे, चंद्रपूरच्या राजुरा-कोरपना पट्ट्यात. गडचांदूरचं सिमेंट त्याच्याच जिवावर. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग मात्र लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या दगडाचा, बेसॉल्टचा. येऊरचे डोंगर लाव्हाच्याच घराण्यातले. डोंगराच्या पलीकडे कान्हेरीला लेणी आहेत ना, ती माणसांनी छिन्नीने कोरलेली, पाण्याने नव्हे.

बेसॉल्ट चुनखडकासारखा विरघळत नाही. त्यामुळे पाण्याला स्वतःची वाट करता येत नाही, मिळेल त्या भेगेतून जावं लागतं. वरचा मुरूम, भेगाळलेला किंवा भोकाभोकांचा थर पाणी धरतो. खाली घट्ट पाषाण किंवा तांबड्या मातीचा थर लागला की ते अडतं आणि आडवं सरकत उतारावर झरा होऊन बाहेर येतं. सह्याद्रीतले बहुतेक झरे असेच. शहापूरसारख्या धो धो पावसाच्या तालुक्यात मार्चनंतर टँकर का लागतात, त्याचं एक कारण हेच: साठवण उथळ, आणि उतारावरून ती लवकर रिकामी होते.

वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं मग कशी, असं विचाराल. तिथलं पाणी खोल भेगांतून खाली जाऊन, तापून वर येतं. तीही भेगांचीच करामत, जिवंत ज्वालामुखीची नव्हे.

म्हणून शेजारच्या बिल्डिंगच्या बोअरला भरपूर पाणी आणि आपली, वीस फुटांवर, कोरडी, असं होऊ शकतं. त्यात नशीब वगैरे काही नाही. त्यांना भेग लागली, आपल्याला नाही. आणि दोघांनाही एकच भेग लागली असेल, तर आपण जोरात उपसलं की त्यांची पातळी उतरणार. बाळकुमला आणखी एक अडचण: खाडी जवळ. गोड पाणी बेताबाहेर उपसलं की त्याच्या जागी खारं सरकतं, आणि एकदा खारावलेली बोअर लवकर सुधारत नाही.

तेव्हा दुसरी बोअर मारण्याआधी पहिलीची पातळी दर महिन्याला मोजून वहीत लिहा, वर्षभर. मे महिन्यातलं पाणी चाखून नाही, तपासून घ्या. गच्चीचं पाणी बोअरजवळ जिरवायचं असेल, तर ते आधी गाळणीच्या खड्ड्यातून जाऊ द्या, आणि सेप्टिक टाकी किंवा गटार त्यापासून लांब आहे ना, हे प्लंबरला नुसतं विचारू नका, स्वतः जाऊन बघा. भेग बोगद्यापेक्षा अरुंद खरी, पण घाण तिच्यातूनही जाते.